पत्रा आणि सांगाडा

बोरघाटाचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे तो बहुधा सैन्याच्या, व्यापाराच्या नाही तर आगगाडीच्या अंगाने लिहिला जातो. राजमाची, लोहगड, विसापूर यांच्या पहाऱ्यातून कोकणात उतरणारी ही वाट कोणाच्या ताब्यात होती, हे आपण शाळेपासून शिकत आलो. परंतु या घाटाला आणखी एक इतिहास आहे, आणि तो मोडतोडीचा आहे. या उतारावर चाके निखळली, रोध निकामी झाले, गाड्या एकमेकींवर आदळल्या. आणि दर वेळी कोणाला तरी उकिडवे बसून ठरवावे लागले की, मोडले ते नेमके काय, सांधेल ते किती, आणि टाकून द्यावयाचे ते कोणते. या प्रश्नांची उत्तरे काळागणिक कशी बदलत गेली, हे एका मोटारीच्या निमित्ताने मला पाहावे लागले. ते येथे मांडतो.

घाटातला पक्का गाडीरस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० च्या नोव्हेंबरात खुला झाला. त्यापूर्वी देशावरचा बहुतेक माल लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून खाली उतरत असे. रस्ता झाला तसे चाक आले, आणि चाकाबरोबर उताराचा धोका आला. चढावर कस लागतो तो ओढणाऱ्याचा, उतारावर लागतो तो रोधाचा. आगगाडीच्या अभियंत्यांनी हे पुरते ओळखले होते. १८५६ ते १८६३ या काळात बांधलेला रेल्वेचा घाट सोळा मैलांच्या आत १८३१ फूट चढतो. त्यात पंचवीस बोगदे खोदावे लागले, आणि सर्वांत तीव्र चढ सदतीस फुटांना एक फूट इतका ठेवावा लागला. अशा उतारावर एखादी गाडी कधी तरी हाताबाहेर जाणारच, हे गृहीत धरून तेथे ‘कॅच सायडिंग’ नावाचे आडफाटे काढले गेले. उतरणारी गाडी ठरल्या जागी थांबली, तरच तिला मुख्य मार्ग मिळावयाचा. न थांबली तर ती आपोआप चढत्या आडफाट्यावर जाऊन तेथेच तिचा जोर संपावा, अशी ती योजना. अपघात टळावा, हा झाला एक विचार. अपघात न टळला तर त्याचा आघात कोठे खर्ची पडावा, हा दुसरा. हा दुसरा विचार मोटारीच्या शास्त्रात शिरावयास पुढे जवळजवळ शंभर वर्षे लागली.

घाटात मोटारी दिसू लागल्या त्या विसाव्या शतकाच्या आरंभी. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईस शिवडीला मोटारींची जुळणी सुरू केली आणि त्यानंतर त्यांची संख्या भराभर वाढली. त्या काळच्या मोटारीची घडण बैलगाडीच्या जवळची होती. खाली दोन लांब लोखंडी तुळया, त्यांना जोडणारे आडवे तुकडे, आणि या चौकटीवर बसविलेली वरची पेटी. चौकट म्हणजे चेसिस. धडक बसली की मिस्त्री प्रथम चेसिस पाही. ती सरळ असेल, तर वरचा पत्रा कितीही चेपला असला तरी मोटार वाचली असे समजावयाचे. पत्रा म्हणजे कपडे आणि चेसिस म्हणजे हाडे, असा हा सोपा हिशेब होता. घाटातले वाहनचालक शिंगरोबाच्या देवळाशी नाणे टाकून पुढे जात. इंग्रजांना घाटाची वाट दाखविणाऱ्या धनगराचे हे देऊळ, अशी आख्यायिका आहे. चालकांची श्रद्धा शिंगरोबावर, आणि त्यांच्या मागोमाग मिस्त्र्यांची चेसिसवर.

हा हिशेब मोडला तो फियाटने. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज व प्लिमथ, आणि १९५४ च्या सुमारास फियाट ११०० हाती घेतली. पुढे आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ या लाडक्या नावाने ओळखली गेली तीच ही. तिच्यात निराळी चेसिस नव्हती. जमीन, खांब, छत आणि पुढच्या दोन पोकळ तुळया, असे सर्व पत्र्याचेच. ठिकठिकाणी स्पॉट वेल्डिंगचे टाके मारून एकजीव केलेले. मोटारीची कातडी आणि हाडे एक झाली. वजन घटले, पेट्रोल वाचले, मध्यमवर्गाला परवडणारी मोटार झाली. परंतु रोगनिदान अवघड झाले. एकजीव सांगाड्यात आघात लागल्या जागी थांबत नाही. तो टाक्याटाक्यांतून पुढे सरकतो आणि भलत्याच ठिकाणी प्रकट होतो. मार लागतो पुढच्या दिव्याला, आणि सुरकुती उमटते छताला.

हे मला पुस्तकातून ठाऊक होते. ते प्रत्यक्ष पाहण्याचा प्रसंग आमच्याच मोटारीने आणला. वडिलांनी बरीच वर्षे नंबर लावून १९६७ साली घेतलेली ही फियाट ११०० डिलाइट, १०८९ घन सेंटिमीटरच्या इंजिनाची. आमच्या घरातील दोन लग्ने, एक बाळंतपण आणि वडिलांचे दवाखान्याचे शेवटचे हेलपाटे तिने पाहिलेले. तीन पावसाळ्यांपूर्वी, जुलैच्या धुक्यात, वलवणजवळ जुन्या रस्त्याच्या कडेला ती उभी असताना समोरून आलेला एक मालवाहू टेम्पो घसरला आणि तिच्या उजव्या पुढच्या कोपऱ्यावर आदळला. मोटारीत कोणी नव्हते. वेग फारसा नव्हता. दिवा फुटला, मडगार्ड चेपले, बंपर वाकला, बॉनेट एका बाजूने उचलले गेले. पाहणारा प्रत्येकजण म्हणाला, “पत्र्याचेच काम आहे, आठ दिवसांत होऊन जाईल.”

कामशेतच्या आमच्या मिस्त्रींनी तसे म्हटले नाही. त्यांनी प्रथम कोणालाही इंजिन सुरू करू दिले नाही. बॅटरीची तार काढली. मग खाली वाकून जमिनीवर काय सांडले आहे ते पाहिले: पाणी, की तेल, की ब्रेकचे तेल. बोटाला लावून वास घेतला. रेडिएटर मागे सरकून पंख्याला टेकला होता. त्या अवस्थेत इंजिन फिरविले असते, तर पंख्याच्या पात्यांनी रेडिएटरची चाळण झाली असती. पेट्रोलची टाकी या मोटारीत मागे असते, म्हणून ती भीती नव्हती. मग त्यांनी सर्व दारे एकेक करून उघडली आणि मिटली. उजव्या पुढच्या दाराला पूर्वी न लागणारा जोर लागत होता. त्याची फट वर अरुंद आणि खाली रुंद झाली होती. त्या दाराला टेम्पोचा स्पर्शही झाला नव्हता. मिस्त्री म्हणाले, “काका, पत्र्यावर जाऊ नका. दार खोटं बोलत नाही.”

दुसऱ्या दिवशी मोजमाप झाले. त्यासाठी लागलेली हत्यारे गवंड्याकडे मिळण्यासारखी होती: ओळंबा, सूत, खडू आणि पोलादी फीत. मोटार सपाट फरशीवर, चारी बाजूंनी सारख्या उंचीवर उचलून ठेवली. खालच्या अंगाला कारखान्यानेच पाडलेली काही ठरावीक छिद्रे आणि बोल्ट असतात, डावी-उजवीकडे जोडीजोडीने. त्या प्रत्येकातून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खूण केली. मोटार बाजूला सारली आणि खुणांमधून कर्ण मोजले. आयताचे दोन्ही कर्ण सारखे असतात, हे आपण सातवी-आठवीत शिकतो. मोटारीच्या पोटाखालीही तोच नियम चालतो. आमचे कर्ण सहा मिलिमीटरने जुळले नाहीत. त्याचा अर्थ, उजवी पुढची तुळई सुमारे सात मिलिमीटर मागे ढकलली गेली होती.

परंतु एवढ्याने भागले नाही. या मोटारीच्या पुढच्या व मागच्या चाकांतले अंतर कारखान्याच्या मापाप्रमाणे २३४० मिलिमीटर. डाव्या बाजूला ते बरोबर भरले. उजव्या बाजूला सोळा मिलिमीटर कमी. सांगाडा मागे गेला सात, आणि चाक गेले सोळा. मग उरलेले नऊ कोठे गेले? उत्तर एकच, चाकाला धरून ठेवणारा खालचा हात, म्हणजे लोअर आर्म, वाकला होता. डोळ्यांना तो सरळ दिसत होता. वजाबाकी केली नसती तर तो तसाच राहिला असता, आणि घाटातल्या एखाद्या वळणावर स्वतःहून बोलला असता.

याच रीतीने चाकाच्या कलाचेही वाचन होते. चाक वरून आत झुकते की बाहेर, तो कॅम्बर. आणि चाक ज्या किंगपिनभोवती वळते त्या पिनेचा कल निराळा. या दोन कोनांची बेरीज कारखान्याने घडविताना कायमची ठरविलेली असते, ती पान्याने बदलता येत नाही. कॅम्बर चुकला आणि बेरीज जमली, तर दोष चाकाच्या आतल्या आधारात. बेरीजच चुकली, तर चाकाचा आस, म्हणजे स्टब अॅक्सल, वाकला आहे. आमची बेरीज जमली. वैद्याने नाडी पाहून एक रोग वगळावा, तसा स्टब अॅक्सल वगळला गेला.

ज्यांना असे मोजमाप करून घेणे शक्य नाही, त्यांच्यासाठी जुने चालक एक साधी परीक्षा सांगत. चाके ओली करून मोटार कोरड्या रस्त्यावर सरळ चालवावी आणि मागे जाऊन ओले पट्टे पाहावेत. मागच्या चाकांचे पट्टे पुढच्यांच्या संदर्भात एका बाजूला सरकलेले दिसले, म्हणजे मोटार खेकड्यासारखी तिरकी चालते आहे. जुनी मोटार विकत घेणाऱ्याने खिशात एक लोहचुंबक ठेवावा. जेथे तो पत्र्याला चिकटत नाही, तेथे रंगाखाली पत्रा नाही, लांबी भरलेली आहे.

निदान झाले, आता निवाडा व्हावयाचा होता. निवाड्याचाही इतिहास आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा ठरविला व १ जुलै १९४६ पासून तो अमलात आला. स्वतःच्या मोटारीचा विमा ऐच्छिकच राहिला. नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरला परवाना असावा, हे १९६८ च्या दुरुस्तीने ठरले. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. आज रूढ असलेला हिशेब असा की, दुरुस्तीचा खर्च मोटारीच्या ठरविलेल्या विमामूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर ती मोटार पूर्ण नष्ट झाली असे मानावयाचे. पाच वर्षांवरील मोटारीचे हे मूल्य विमेदार आणि कंपनी यांनी आपसांत ठरवावयाचे असते, आणि पन्नाशी उलटलेल्या मोटारीचे ते किती ठरणार! आमच्याकडे आलेले सर्व्हेअर सज्जन गृहस्थ होते. त्यांनी चष्मा पुसत सांगितले, की हिशेबाने ही मोटार आता नाही. हिशेबात त्यांचे काही चुकले नव्हते.

बाजाराने दुसरा उपाय सुचविला. कोठेतरी भंगारात पडलेल्या पद्मिनीचा पुढचा अर्धा भाग कापून आणावयाचा आणि आमच्या मोटारीला जोडावयाचा. डिलाइटच्याच वंशातली ही पद्मिनी. तिचे उत्पादन नव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सीही निवृत्त झाली. सुटे भाग तेवढे कुर्ल्याला आणि पुण्यात नाना पेठेत शोधून अजून मिळतात. दोन अर्ध्या मोटारींची एक मोटार स्वस्तात होते, चकचकीत दिसते. परंतु एकजीव सांगाड्याचा जीव त्याच्या अखंडतेत आहे. मधोमध जोडलेला सांगाडा पुढच्या आघाताला कोठे फाटेल, ते जोडणाऱ्यालाही सांगता येणार नाही. शिवाय २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील जुन्या मोटारींसाठी नियम केले. मूळ स्वरूप राखलेल्या, चेसिस, सांगाडा वा इंजिन यांत मोठे फेरफार न केलेल्या मोटारीलाच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद मिळते. अर्धी मोटार बदलली, तर कायद्याच्या दृष्टीने वडिलांची मोटार उरत नव्हती; माझ्या दृष्टीनेही उरत नव्हती.

म्हणून तिसरा मार्ग धरला. मोटार जमिनीला चार ठिकाणी जखडली, आणि ज्या दिशेने धक्का आला त्याच्या नेमक्या उलट दिशेने, साखळी-ब्लॉक लावून तुळई हळूहळू ओढली. आघात ज्या क्रमाने आत शिरला, त्याच्या उलट क्रमाने तो बाहेर काढावयाचा, म्हणजे शेवटची सुरकुती आधी आणि पहिली चेप शेवटी, हा या कामाचा नियम. ओढ सोडली की लोखंड थोडे परत जाते. म्हणून मापापेक्षा किंचित जास्त ओढावयाचे, आणि ओढ चालू असतानाच घडीच्या आजूबाजूला लाकडी ठोकळ्यावरून हातोडी मारून धातूतला ताण मोकळा करावयाचा. शेगडीची आच शक्य तितकी टाळली. जुन्या मोटारीचे साधे मऊ पोलाद आच थोडीफार सोसते. हल्लीच्या मोटारीतले अतिबळकट पोलाद मात्र तापविले की आपले बळ गमावून बसते, आणि वरून ते कळतही नाही. लोअर आर्म सरळ केला नाही, बदलला. सुकाणू, ब्रेक आणि चाकाचा आधार यांतले वाकलेले काहीही सरळ करून वापरू नये, याबद्दल जाणत्या मिस्त्र्यांत दुमत नाही. स्टीअरिंगची पेटी उघडून तपासली, ती शाबूत होती. अखेर पुन्हा ओळंबा, पुन्हा खडू. कर्णांतला फरक एक मिलिमीटरवर आला. मडगार्ड आणि रंग यांकडे त्यानंतर पाहिले.

येथे हा वृत्तांत संपवावा असे वाटले असते. परंतु मोटार घरी आली त्या दिवशी मुलीने एक प्रश्न विचारला. “बाबा, सगळं माप बरोबर आलं हे खरं. पण मुलांना पुढे बसवून तुम्ही हिच्यातून घाटात जाल का?”

जुन्या मोटारी भक्कम, नव्या कागदाच्या, असे आपण सर्व म्हणत आलो. या समजुतीची परीक्षा अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २००९ साली घेतली. १९५९ ची भलीदांडगी शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू यांची समोरासमोर टक्कर घडविली. नव्या मोटारीचे नाक पार चेंदले, पण बसण्याची जागा टिकली. जुनीत सुकाणू, खांब आणि दार बसलेल्या पुतळ्याच्या अंगावर आले. माणूस असता तर वाचता ना. कारण असे की, आघाताची शक्ती कोठेतरी खर्च व्हावीच लागते. मोटार स्वतः चुरगळून ती पिऊन टाकील, नाही तर आतल्या माणसाच्या छातीपर्यंत पोचवील. बेला बारेनी या मर्सिडीजच्या अभियंत्याने १९५० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत या तत्त्वाचे पेटंट घेतले: मधली खोली कठीण, पुढची-मागची टोके मुद्दाम मऊ. १९५९ साली ते प्रत्यक्ष मोटारीत आले. त्याच वर्षी व्होल्वोत तीन टोकांचा पट्टा आला. घाटातल्या रेल्वेचा आडफाटा तो हाच, मोटारीच्या पोटात बसविलेला.

आपल्याकडे हे उशिरा आले. पुढच्या आसनांना पट्टे सक्तीचे झाले १९९४ साली. नव्या नमुन्यांच्या मोटारींना टकरीची परीक्षा १ ऑक्टोबर २०१७ पासून. आणि ताऱ्यांनी गुण देणारी ‘भारत एनकॅप’ योजना २०२३ साली. १९२८ साली शिवडीला आलेल्या त्या जनरल मोटर्सनेच २००८ पासून २०२० पर्यंत आमच्या मावळात, तळेगावला, कारखाना चालविला. या मधल्या काळात नुकसान या शब्दाचा अर्थच उलटला. पूर्वी मोटार वाचणे म्हणजे भक्कमपणा होता. आता मोटारीने मरून माणूस वाचविणे म्हणजे भक्कमपणा. तरीही २००२ साली पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गाने आपल्यातली किती माणसे नेली! भक्ती बर्वे २००१ च्या फेब्रुवारीत गेल्या, तेव्हा तो मार्ग पुरा झालाही नव्हता. आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे २०१२ च्या डिसेंबरात. मराठी रंगभूमीच्या प्रेक्षकाला त्या रस्त्यावरून जाताना ही नावे आठवल्याशिवाय राहत नाहीत.

आमच्या डिलाइटला पट्टे नव्हते, चुरगळणारे नाक नव्हते, आणि तिच्या सुकाणूचा दांडा सरळ चालकाच्या छातीवर रोखलेला आहे. मिस्त्रींनी तिला १९६७ साली होती तितकीच चांगली केली. १९६७ पेक्षा चांगली करणे त्यांच्या हाती नव्हते. मुलीच्या प्रश्नाला मी ‘नाही’ असे उत्तर दिले. मोटारीची व्हिंटेज म्हणून नोंद करून घेतली. त्या नोंदीनंतर तिने नित्याच्या प्रवासाला निघावयाचे नसते. प्रदर्शन, जुन्या मोटारींची फेरी, इंधन व देखभाल एवढ्यापुरतेच तिला रस्ता मोकळा. घाट तिला बंद झाला, आणि नातवंडे नव्या मोटारीत मागे पट्टा लावून बसतात. तिला ती पुसतात, तिचे भोंगे वाजवितात, अंगणात उभी असताना तिच्यात बसून मुंबईला जाऊन येतात.

खंडाळ्याजवळचा अमृतांजन पूल असाच आपल्या सर्वांचा लाडका होता. १९० वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा तो दगडी पूल, त्याच्या खांबांमधून जाताना प्रत्येकाने मान वर करून पाहिलेला. पण त्याच खांबांनी द्रुतगती मार्गाची वाट अरुंद केली होती, वळण धोक्याचे केले होते. म्हणून २०२० च्या एप्रिलात, टाळेबंदीने रस्ता ओस पडला असताना, तो सुरुंग लावून उतरविण्यात आला. अनेकांना वाईट वाटले, मलाही वाटले. पुलाला अंगणात नेऊन ठेवता येत नाही; मोटारीला येते, एवढे आमचे नशीब. जिव्हाळ्याच्या वस्तूला इजा झाली म्हणजे ती पुन्हा उभी राहील का, असे आपण विचारतो. त्याचे उत्तर ओळंबा आणि खडू देतात. तिच्यात कोणी बसावे आणि तिने कोठवर जावे, हा प्रश्न त्यानंतरचा आहे, आणि तो मिस्त्रीने किंवा सर्व्हेअरने सोडवावयाचा नसून घरच्या माणसाने सोडवावयाचा असतो.